सत्तेचाळीस नंबरची माशी

२४ मार्च
ऊन. वारा उत्तरेचा. बर्फ आता फक्त वरच्या कड्यावर. सकाळी हम्मूची खोली आवरली. इत्तो वहिनी म्हणाल्या, भावजी, तुम्हीच आवरा, माझ्याच्याने होत नाही. माझ्याच्याने झाले. दोन तास लागले. टोपीचे दोन लांब झगे, म्हणजे जेलाबा, रेडिओ, लोकर कातरायची कात्री. फळीवर रंगाचा जुना डबा, त्यात गोगलगायींचे रिकामे शंख, दोनशेच्या वर. काहींची तोंडे वाळलेल्या पाल्याच्या लगद्याने बुजलेली. थोरल्या भावाला साठवायला हेच सापडले.
त्याची काठी माझ्या दारामागे उभी आहे. दार पूर्ण उघडत नाही. हलवायची आहे.

२६ मार्च
कल्पना सुचली. वहिनींच्या कोंबड्यांची अंडी हातात फुटतात, टरफले इतकी पातळ. शंख म्हणजे चुनाच. डबा उखळात रिकामा केला, सगळे कुटून कोंबड्यांना घातले. बुजलेल्या शंखांत कसलेसे तपकिरी कोष होते, ते त्यांनी आधी वेचले. घरातले काही वाया जाऊ द्यायचे नाही, हा माझा स्वभाव.

२ एप्रिल
अगदाल बंद झाले. आता पंच सांगतील त्या दिवसापर्यंत त्या कुरणात एकही मेंढी जाणार नाही. फुले येतील, बी धरेल, मगच.
रानमाश्यांच्या सर्वेक्षणाचे दुसरे वर्ष उद्यापासून. मधमाशीच्याच कुळातल्या, पण पोळ्यात न राहणाऱ्या, एकेकट्या राहणाऱ्या माश्या मोजायच्या. विद्यापीठाच्या गिझलान बाईंनी गेल्या वर्षी मला नेमले, कारण गावात अक्षर चांगले असलेला मी. अठ्ठावन्न जाती मिळाल्या. हम्मू वाडगे धरायचा.
पद्धत सोपी. पिवळे, निळे, पांढरे मिळून तीस प्लॅस्टिकचे वाडगे, त्यांत साबणाचे पाणी, दहा-दहा पावलांवर एक. माशी रंगाला फूल समजते आणि पाण्यात पडते. शिवाय तासभर जाळी घेऊन फिरायचे. मी चौतीस वर्षे टपालात पत्रे लावली, एकही चुकीच्या खणात गेले नाही. माशी म्हणजे पंख असलेले पाकीट.
संकल्प: रोज पहाटे पाचला कुरणात. हम्मू दहाला निघायचा. शिस्त नव्हती.

३ एप्रिल. शून्य.
४ एप्रिल. शून्य. वाडग्यांत बर्फ.

५ एप्रिल
शून्य. निष्कर्ष: यंदा माश्या कमी.
कुरणाचा राखणदार मिमून दगडावर बसून बघत होता. म्हणाला, टपालसाहेब, माश्यांचं ऑफिस अजून उघडलं नाही. हम्मू तीन पेले चहा प्यायचा, मग दगडाला हात लावायचा. दगड तापला की कामाला लागायचा. मी म्हटले, विज्ञान हात लावून होत नाही. तो म्हणाला, मग बसा गारठत.

१० एप्रिल, शुक्रवार
झोप लागली. दहाला पोचलो. अकरा मिळाल्या. प्रकृतीसाठी वेळ बदलत आहे.
मशिदीत गेलो नाही. काम आहे. तिथे लोक हात धरतात आणि सोडत नाहीत. हम्मूची एखादी गोष्ट सांगतात. अर्धा दिवस जातो.

१९ एप्रिल
गिझलान बाईंचा फोन. गेल्या वर्षीच्या सगळ्या माश्या ओळखल्या गेल्या, एक सोडून. नंबर सत्तेचाळीस. काळी, पोटाखाली तांबूस केस, एकच मादी. परदेशातल्या जाणकारालाही ओळखता आली नाही. यंदा आणखी दोन-तीन मिळाल्या तर नवी जात म्हणून लिहिता येईल, नाहीतर ती एकटी अशीच पेटीत पडून राहील. कुठे पकडली होती, त्यांनी विचारले. नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसते 'अगदाल' आहे. अक्षर माझे.
जागा हम्मूने सांगितली होती. मी चिठ्ठ्या लिहीत होतो. हो हो म्हटले होते.
बाईंना म्हटले, जागा माहीत आहे, काळजी नको. त्या म्हणाल्या, मिळाली तर तिला पकडणाऱ्याचं नाव देऊ. मी विचारले, कोणाचे? त्या हसल्या. तुमचंच की, प्रत्येक चिठ्ठीवर तुमचंच नाव आहे.
बरे म्हटले.

३ मे
वाडग्यांतल्या माश्या चहाच्या गाळणीत धुतो. चहाला साबणाचा वास येतो. स्वतंत्र गाळणी आणणे.
सत्तेचाळीस नाही.
अंडी मात्र छान. वहिनी म्हणाल्या, भावजी, तुम्ही कोंबड्यांना काय घातलंत? अंडं फोडायला सुरी मारावी लागते. सांगितले, डोके वापरले.

१५ मे
वरचा उतार, ओढ्याचा काठ, जुन्या भिंती, सगळे पालथे घातले. सत्तेचाळीस नाही. गुडघे सुजले. हे उंचीमुळे.
हम्मू काय म्हणाला होता ते आठवायचा प्रयत्न केला. आठवते ते एवढेच की चालताना तो सारखा वाकायचा. काहीतरी उचलून खिशात टाकायचा. मला वाटायचे कंबर धरली असेल.
माशीला त्याचेही नाव चालेल. दोन नावे देता येतात का, बाईंना विचारणे.

२२ मे
सहा निळे वाडगे गायब. दोन मिमूनकडे मिळाले. एकात तो ताक पीत होता. म्हणाला, माशी पडली की कळवतो, टपालसाहेब, नंबर लावून ठेवा.
काठी हलवायची राहिली.

५ जून, शुक्रवार
मशिदीत गेलो नाही. सर्वेक्षण संपले की जाईन.

१९ जून, शुक्रवार
दुपारी मशिदीच्या गच्चीवरून कोणी तरी ओरडत होते, दोनदा, चारी दिशांना. खिडकी लावून घेतली. चिठ्ठ्या लिहायच्या होत्या.
शेवटची मोजणी चोवीसला ठरवली. त्या दिवशी रानओवा आणि निळे काटे पूर्ण फुललेले असतील. सत्तेचाळीस आली तर त्या दिवशीच येणार. मी हे सर्व बाजूंनी विचार करून ठरवले आहे.
माशीला फक्त हम्मूचे नाव. मला तसा सोस नाही.

२४ जून
नऊला वाडगे मांडले. इतकी फुले या वर्षात पाहिली नव्हती. साडेनऊला घंटा ऐकू आल्या. मग धूळ. मग मेंढ्या.
अगदाल उघडले होते. आख्खे गाव येत होते, खेचरांवर तंबू, बायकांच्या अंगावर नवे कपडे. मेंढ्या आधी साबणाचे पाणी प्यायल्या, मग त्यांनी फुले खाल्ली. दोघी-तिघींच्या तोंडाला फेस होता. मी जाळी धरून मध्ये उभा होतो. बाजूला व्हायला हवे होते हे नंतर कळले.
मिमून आला. म्हणाला, टपालसाहेब, शुक्रवारी गच्चीवरून एवढं ओरडून सांगितलं, मेलेल्यांनासुद्धा ऐकू गेलं असेल. मग त्याने टोपी काढून पुन्हा घातली. माझ्याबरोबर वाकून वाडगे गोळा करू लागला. एकोणीस मिळाले.
दुपारपर्यंत कुरण दाढी केल्यासारखे झाले.

२७ जून
यंदाची पेटी बाईंकडे पाठवली. चौसष्ट नमुने. सत्तेचाळीस नसली तरी वर्ष वाईट गेले असे म्हणता येणार नाही.

८ जुलै
बाईंचा फोन. चौसष्टांपैकी एकेचाळीस साध्या माश्या निघाल्या, रानमाश्यांसारख्या पट्ट्यांच्या. त्यांना पंख दोन असतात, रानमाश्यांना चार. उरल्या तेवीस, त्यांच्या जाती नऊ. त्या म्हणाल्या, असं होतं, मनावर घेऊ नका. पुढच्या वर्षी दुसऱ्या खोऱ्यात काम आहे.
मग म्हणाल्या, सत्तेचाळीसबद्दल एक कळलंय. तिच्या जवळच्या जाती गोगलगायीच्या रिकाम्या शंखात अंडी घालतात. पाला चावून त्याच्या लगद्याने तोंड बुजवतात. पिल्लं हिवाळाभर आत झोपतात आणि वसंतात बाहेर येतात. तसे बुजलेले शंख कुठे पाहिलेत का?
मी म्हटले, नाही.
आता आठवले. सप्टेंबर होता, मी चिठ्ठ्या लिहीत होतो. हम्मू म्हणाला, बास्सू, पुढच्या वर्षी तुझे गुडघे वर चढायचे नाहीत. डबा भरून ठेवलाय. बर्फ वितळलं की डब्याच्या तोंडाला जाळी बांध आणि घरात बसून मोज. मी हो हो म्हटले.
बाई अजून फोनवर होत्या. गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्यांवर पकडणाऱ्याचे नाव बदलता येईल का, असे विचारले. त्या म्हणाल्या, कितींवर? मी म्हटले, सगळ्यांवर. त्यांनी कारण विचारले नाही. नाव विचारले. सांगितले.

९ जुलै
ऊन. वारा नाही. वहिनी लेकीकडे अझिलालला गेल्या आहेत. वाडगे धुऊन पालथे घातले. कोंबड्यांना दाणे टाकले. दोन अंडी मिळाली. एक उकडले. टरफल जाड होते, सोलायला वेळ लागला. मीठ आणि जिरे लावून खाल्ले.