जार गार लागला

प्रिय ठमे,

फोनच केला असता, पण तो बाबांच्या पलंगाशेजारी आणि त्यांचे कान अजून तिखट. म्हणून स्वयंपाकघरात बसून लिहितेय. शेजारच्या नर्सबाई संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात देतील.

डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतंय ना? लिव्हर गेल्यातच जमा. किडनी चालतेय तोवर कुणा परक्याच्या लिव्हरची वाट पाहता येईल; ती थांबली की तुझ्याच लिव्हरचा तुकडा घ्यायचा, कारण तुझं जुळतं. तेव्हापासून बाबांची लघवी खुणांच्या जारमध्ये मापून वहीत लिहिणं हे माझं काम. मी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या शाळेतली, समास आखल्याशिवाय लिहिता येत नाही. आकडा चांगला आला की तोंडातून ‘शाब्बास’ निघतं. मग हे म्हणतात, “हेडबाई, चांदणी द्या की वहीत!”

आकडे सुधारत गेले. रंगही. आधी कोऱ्या चहासारखा, मग फिकट, मग जवळजवळ पाणीच. मी केवढी हरखले! पाय मात्र सुजून खांब झालेले, पोट तट्ट. हात पुढे धरले की पंजे आपोआप फडफडतात, कुणाला निरोप दिल्यासारखे. भर दुपारी रिकाम्या खुर्चीला म्हणतात, “बसा, येईलच ती.” कोण ती, विचारलं की नुसते हसतात. श्वासाला नासक्या फळांसारखा गोडूस वास येतो. ज्या मानेत तोंड खुपसून मी इतकी वर्षं झोपले, तिथे आता दुसरंच कुणी राहायला आल्यासारखं वाटतं.

मंगळवारी “झालं गं” अशी हाक आली. लगेच जाऊन जार उचलला, तर हाताला गार लागला. माणसाच्या अंगातून नुकतंच निघालेलं गार कसं असेल? खोटं कशाला सांगू, मी आधी त्या खुर्चीकडेच पाहिलं. मग उशाचा रिकामा पेला दिसला. दिवसाचं पाणी त्यांना मोजून मिळतं, ओठ तहानेनं फुटलेत, आणि हा माणूस तेच पाणी जारमध्ये ओतत होता. “ठमीच्या पोटावर सुरी नको,” म्हणाले, अगदी शुद्धीत. “माझी शपथ आहे तुला.”

त्यानंतर तीन दिवस तो खोटा आकडा मीही लिहिला, सुवाच्य अक्षरात. त्यांच्या शपथेपायी नव्हे गं, तुझ्यापायी. आज खरा लिहिला: चोवीस तासांत साठ मिली. डॉक्टर म्हणतात, किडनी मुळात धडधाकट आहे, लिव्हरपायी निपचित पडलीय. नवं लिव्हर मिळालं तर आपोआप जागी होईल. पण हातात दिवस थोडे. उद्या सकाळी डॉक्टर तुला फोन करतील. तू नाही म्हणालीस तर मी जन्मात एका शब्दानं बोलणार नाही. फक्त त्यांच्याआधी माझ्याकडून कळावं, की तुझ्या बाबांनी नको म्हटलंय आणि मी त्यांच्या चोरून हो म्हटलंय. मला ते हवे आहेत, ठमे. आणि तू अख्खी हवी आहेस.

तुझीच, आणि त्यांचीही,
आई