टपालाच्या डब्यात बसवलेला संगणक

बुधवार, दुपारच्या चहाची वेळ

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा केवळ लेखी व्यवहार समजावा. आठांपैकी दोन अंगं म्हणजे गुडघे, आणि ते हल्ली माझ्या आज्ञेत नाहीत. तसंच, तीर्थस्वरूप लिहून पुढे अरे-तुरे करणं शास्त्राला धरून नाही हे मला ठाऊक आहे. पण तुला अहो-जाहो करायला लागलो तर तू मागे वळून बघशील, कोणाशी बोलतोय म्हणून.) तुझी प्रकृती ठीक असेल, वहिनींचा दमा आटोक्यात असेल आणि तुझ्या दुकानात लोक अजूनही घड्याळं दुरुस्तीला टाकून न्यायला विसरत असतील, असं गृहीत धरून पुढे लिहितो. गृहीतच धरावं लागतं, कारण तू कळवत नाहीस.

प्रथम एक गंभीर तक्रार. तुझ्या मागच्या पत्रावरचं तिकीट तिरकं होतं. थोडंथोडकं नव्हे, चांगलं पंधरा अंश. ज्या घड्याळजीच्या दुकानात भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा ओळंबा लावून टांगलेलं असतं, त्याने सख्ख्या भावाच्या पाकिटावर तिकीट असं कलतं चिकटवावं, याचा अर्थ काय घ्यायचा यावर मी दोन दिवस ऊहापोह केला. पूर्वपक्ष असा की तू घाईत होतास. पण पत्रात ओळी सहा, त्यातल्या दोन हवामानावर आणि एक ‘बाकी क्षेम’ एवढीच. इतक्या मजकुराला घाई कसली? तेव्हा सिद्धान्त असा निघाला, की तिकीट वहिनींनी लावलं आणि त्याआधी तुला खुर्चीत बसवून पत्रही त्यांनीच लिहून घेतलं. त्यांना माझा नमस्कार सांग. तिकिटाबद्दल मात्र काही बोलू नकोस.

आता मुख्य विषय. मी घरी संगणक बांधला आहे. हसू नकोस. कन्या नोकरीसाठी परगावी गेली आणि जाताना घरातला एकमेव संगणक, दोन उशा आणि तिच्या आईची झोप घेऊन गेली. इकडे आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत मुख्य संपादकांनी फर्मान काढलं की यापुढे कागदाच्या चिठ्ठ्या बंद, प्रत्येकाने आपले शब्द टंकून द्यायचे. तीस वर्षं मी शब्द खोक्यांत भरत आलो. आता ते दिसत नाहीत अशा ठिकाणी भरायचे. कन्येला फोनवर हे गाऱ्हाणं सांगितलं तर तिने आठवड्याभरात पार्सल पाठवलं. आत पत्त्याच्या पानाएवढी एक हिरवी पट्टी. हाच संगणक, असं तिचं म्हणणं. याला पडदा जोडा, कळफलक जोडा, आणि धूळ बसू नये म्हणून कशाततरी बसवा, काहीही चालेल.

काहीही चालेल हे तरुणांचं मत. प्रत्यक्षात काहीच चालेना. साबणदाणीत पट्टी मावली, पण तारा बाहेर काढायला वाट नव्हती. चष्म्याचं घर अरुंद पडलं. तुझ्या भावजयीने शिवणाच्या सामानाची पेटी देऊ केली आणि अर्ध्या तासात परत मागितली. शेवटी तिनेच कपाटाच्या माथ्याकडे बघितलं आणि म्हणाली की वर नऊ वर्षं बसून आहेत, त्यांच्यापैकी कोणालातरी कामाला लावा.

वर काय आहे हे तुला सांगायला नको. तरी सांगतो, कारण तुला सांगावंसं वाटतंय. बाबांनी कारखान्यातून आणलेल्या सागाच्या तुकड्यांतून आपल्या खेळण्यातल्या आगगाडीसाठी केलेले चार डबे, आणि रुळांचा अख्खा गोल. बाबांच्या मागे वाटणीत तुझ्याकडे इंजिन गेलं, माझ्याकडे डबे आणि रूळ आले. दोन शिकलेल्या माणसांनी विचारपूर्वक केलेली वाटणी ही: एकाकडे ओढणारं, दुसऱ्याकडे ओढलं जाणारं, आणि दोघांच्यामध्ये एक रात्र आणि अर्ध्या दिवसाचा प्रवास. इंजिनाला पीळ द्यायची किल्ली तेवढी सापडली नाही. ती मी लपवली असं तू म्हणालास, आणि मी जे म्हणालो ते इथे लिहीत नाही. (तू घड्याळजी. तशी किल्ली तू अर्ध्या तासात घडवली असतीस. घडवली नाहीस, तेव्हाच मी ओळखलं की प्रश्न किल्लीचा नाही.) तेव्हापासून तू इकडे आलेला नाहीस, आणि मला तू यायला हवा आहेस.

असो. मी टपालाचा डबा निवडला. दीड वीत लांब, तळहाताएवढा रुंद. पट्टी आत अशी बसली, जणू बाबांनी तिचं माप घेतलं होतं. खिडकीत त्यांनी रंगवलेला पत्रं निवडणारा कारकून अजून आहे, नाकावर चष्मा, हातात एकच पत्र. तारा मागच्या दारातून काढल्या. पट्टी फार तापते असं दिसल्यावर छताला सहा भोकं पाडायची ठरवली, आणि इथे माझा हात थांबला. बाबांच्या लाकडाला भोक पाडणं म्हणजे काय हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार. अखेर कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे डबा घेऊन गेलो. (हा गृहस्थ पंधरा वर्षांत एकही रेडिओ न पाहता रेडिओवाला राहिला आहे.) त्याने लहान सामत्याने भोकं पाडली आणि पाडताना जुन्या पॉलिशचा असा वास सुटला, की मी त्याच्या दुकानाबाहेर जाऊन उगाच समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी वाचत उभा राहिलो.

इतक्यावर थांबलो असतो तर हे पत्र सहा ओळींचं झालं असतं. पण डबा नुसता टेबलावर ठेवलेला मला बघवेना. डबा रुळावर हवा. मग जेवणाच्या टेबलावर रूळ मांडले (तुझी भावजय तेव्हापासून मांडीवर ताट घेऊन जेवते), आणि विचार केला की संगणकाला लागणारी वीज रुळांतूनच का देऊ नये. दोन रूळ, दोन तारा, हिशेब सरळ. डबा वर ठेवला मात्र, एक ‘फट्’ झालं, विजेचा जोड जळाला, आणि संगणकात साठवलेलं तीन दिवसांचं काम गेलं. ‘विरह’पासून ‘विसर’पर्यंतचे एकशे चाळीस शब्द. मुख्य संपादक म्हणाले, पुन्हा लिहा. लिहिले. ‘विरह’ दुसऱ्यांदा लिहायला काहीच वेळ लागला नाही, ‘विवाद’ला लागला.

रेडिओवाल्याने डबा उलटा करून पाहिला आणि वैद्याने नाडी सोडावी तसा माझ्या हाती दिला. म्हणाला, गाडी किल्लीची होती ना? मग बनवणाऱ्याने चाकं आणि आस सगळं पितळेचंच केलं, त्याला विजेशी काय घेणं. दोन्ही रूळ आसानेच जोडले जातात. एकेक चाक सोडवून मध्ये प्लास्टिकची चकती घाला. ते करायला डब्याची तळफळी काढावी लागली. चार स्क्रू. त्यांच्या खाचा बाबांनी नेहमीसारख्या एकाच दिशेला फिरवून ठेवलेल्या.

दादा, फळीच्या वर, डब्याच्या लाकडात, एक खाच कोरलेली होती. खाचेत लोकरीच्या कापडात गुंडाळलेली किल्ली होती.

तुला आठवत असेल, खेळ संपला की बाबा किल्ली टपालाच्या डब्यात टाकायचे आणि टपाल पोचलं म्हणायचे. आपण दोघेही ते विसरलो. शेवटच्या वर्षी त्यांनी तिच्यासाठी ही जागा केली असावी आणि सांगायचं राहिलं असावं. म्हणजे किल्ली माझ्याकडे आहे हे तुझं म्हणणं खरं होतं, मला माहीत नाही हे माझं म्हणणं खरं होतं, आणि एवढ्या दोन खऱ्या गोष्टींवर आपण नऊ वर्षं काढली. तुझी भावजय हात पुसत आली, किल्लीकडे बघितलं आणि म्हणाली, “आजच कळवा भावोजींना. आज राहिलं की राहिलं.” याला आज सतरा दिवस झाले.

मी त्या वेळी जे बोललो, ते मागे घेतो. सगळं. आईबद्दल जे बोललो ते आधी.

चकत्या बसल्या, संगणक चालतो. डबा रुळावर उभा आहे. हलत नाही, पण उभा आहे. वहिनींना नमस्कार, तुला पुन्हा एकदा, जमतील तितक्या अंगांनी.

तुझा,
धाकटा

ता.क. किल्ली पाकिटात घालून तीनदा टपालपेटीपर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा पाकीट घेऊन परत आलो. इतकी लहान वस्तू टपालात गहाळ होते, असं कारण मी घरात दिलं आहे. तू ती न्यायला ये. येताना इंजिन आण. वहिनींनाही आण, इथली हवा कोरडी आहे, त्यांना मानवेल.

ता.क. २. कचेरीने मला चांगला मोठा संगणक दोन महिन्यांपूर्वीच दिला आहे. घरच्या संगणकाची गरज नव्हती. तुला कळवण्यासारखं माझ्याकडे काहीतरी असावं, म्हणून तो बांधला.

ता.क. ३. तू येशील असं मला वाटतं. काळजी त्याच्या पुढची आहे. इतकी वर्षं आपल्यात निदान एक भांडण होतं. ते मिटल्यावर तू समोर बसशील, आणि आपल्याला एकमेकांशी काय बोलायचं तेच सुचणार नाही, याची मला फार भीती वाटते.