हैबतीला दम लागत नाय

१२ मार्च १९६१, रविवार
आज डॉक्टरांच्या बंगल्यावर सैपाकाला लागले. पोलादपूर मागं टाकून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की बंगला एकटाच उभा हाय. चूल ऐसपैस, धूर बाहेर जातो, पाणी परसातच. एवढं सुख मला सासरी मिळालं नव्हतं. माझ्या गावी कापड्याला मी भिंतीशी बोलायचे. मुलगा मुरारी मुंबईला, सून मुंबईला. घराला कुलूप लावलं ते कोणाला कळलं पण नसेल. साक्षरतेच्या वर्गाचे मास्तर सांगायचे, राहीबाई, रोज चार ओळी लिहा, नायतर अक्षरं विसराल. म्हणून हे.

डॉक्टर विलायतेत शिकलेले, पुणेरी बोलणारे. माझं कुळथाचं पिठलं दोनदा मागून घेतलं. विलायतेला जाऊन आला तरी पोट इथलंच.

१९ मार्च, रविवार
वरकामाला कुडपणचा हैबती हाय. गडी आडदांड, तोंडाने वाह्यात. मी म्हटलं, एवढा रेडा आन लाकडं काड्यांसारखी फोडतोस? तर म्हणतो, आये, तुझ्या दातांना झेपतील अशी फोडली. मेला. पण बरं वाटलं. लई दिवसांनी कोणी चेष्टा केली.

आज चहा पिताना बायकोचं सांगितलं. कुडपणला गाडीवाट नाय, आजारी माणूस डोलीत घालून खाली आणतात. चंद्रभागा अडली होती. निम्म्या डोंगरात यानेच गड्यांना म्हटलं, जरा टेका रे, दम लागला. पुन्हा डोली उचलली तेव्हा आत कोणी उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तुला कधी दम लागणार नाही असं औषध करतोय. सुई डब्यातून निघायच्या आधी याने दंड पुढे केला.

मी डॉक्टरांना विचारलं, हे आधी कोणाला टोचलं होतं. म्हणाले, उंदरांना. मी म्हटलं, उंदरांना विचारलं होतं का? ते हसले. म्हणाले, हैबतीला विचारलं आहे, तो हो म्हणाला. मी म्हटलं, बायको जाऊन वर्ष नाय झालं, आता विहिरीत उडी मार म्हटलं तरी हो म्हणेल तो. मग हसायचे थांबले. टोचायचे नाय थांबले.

२ एप्रिल, रविवार
हैबती बाजारातून दोन पोती एकदम आणतो, पळत. घाम नाय. झोपत पण नाय. सरपण संपलं तर कुंपणाचे खांब फोडायला घेतले, मी कुऱ्हाड काढून घेतली.

पण चेष्टा गेली. मी त्याच्या मिशीवरून बोलले, त्याने नुसतं बघितलं. आज मुद्दाम कालवणात मीठ घातलं नाय. खाल्लं आन उठला. मीच चुलीपुढे बसून राहिले, कोणी शिवी तरी देईल म्हणून.

११ एप्रिल, मंगळवार
मागच्या तुकड्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजला. पालापाचोळा, शेण पसरून जाळला. वरची राख पांढरी होते पण खाली निखारा असतो. आमच्याकडे राब निवला का ते पायाने बघतात. चटका बसला की पाय आपोआप मागं येतो. हैबतीने पाय टाकला. म्हणाला, आये, थंड हाय. दुसरा पण टाकला आन उभा राहिला.

वास आला, मला वाटलं कोणी सुकट भाजतंय. मग कळलं. केसाला धरून ओढला त्याला. तळव्यांची कातडी राखेतच राहिली. दुसऱ्या कोणाची वहाण पडावी तसा तिच्याकडे बघत होता.

मलमपट्टी करताना डॉक्टरांचे डोळे चमकत होते. दुखणंही जाईल हे त्यांना ठाऊक नव्हतं म्हणे. मी म्हटलं, आता पुरे. म्हणाले, आता थांबलो तर त्याचे पाय वाया जातील.

२० एप्रिल, गुरुवार
हैबतीची आई आली, तुळजाबाई. कुडपणहून उतरून, फडक्यात नाचणीची भाकरी बांधून. मी त्याला विचारलं, कोण रे ही? म्हणाला, माझी आई. हा दगड हाय म्हणावं तसं. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ती सोडीपर्यंत तो थांबला, मग कुऱ्हाड उचलली.

माझ्या चुलीशी बसून रडली. म्हणाली, राही गो, मेला असता तर एकदा रडून मोकळी झाले असते. मला धीर देता येत नाय. चहा दिला.

२४ एप्रिल, सोमवार
तुळजाबाईने स्वतःहून सुई मागितली. मी म्हटलं, बये, डोकं फिरलं का? म्हणाली, त्याला नाय दुखत, मग मलाच का? डॉक्टर काल नाय म्हणाले. आज टोचली.

आता भांडी घासतेय. भांडी केव्हाच लख्ख झाली. अजून घासतेय. मायलेक एका अंगणात, पाठीला पाठ.

२८ एप्रिल, शुक्रवार
तुळजाबाईला टोचलं त्या रात्री डॉक्टर रडताना मी ऐकले होते. आज बाही वर केलेली, दंडावर टोचल्याची खूण. म्हणाले, आता बरं आहे.

ताट तसंच परत आलं. तिघांची ताटं तशीच. भूक पण गेली. मी एकटीसाठी भाकरी थापते. घरात कोणी बोलत नाय. मांजराला शिव्या दिल्या. मांजर पण पळालं.

३ मे, बुधवार
बोचकं उचलून पोलादपूरकडे पळून निघाले सकाळी. मागून आवाज — टक टक टक. वळून बघितलं. हैबती. तळव्यांना कातडी नाय, मांस नाय — हाड वाजत होतं रस्त्यावर.

मला पाठीवर घेतलं, आजारी माणसाला घेतात तसं. जपून. परत बंगल्यावर आणेपर्यंत कुठं दम खायला थांबला नाय.

डॉक्टर म्हणाले, राहीबाई, तुम्ही एकट्याच राहिलात. मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रागावले नायत. म्हणाले, सक्ती नाही. तुम्ही नको म्हणताय तोवर टोचणार नाही.

तोवर.

४ मे, गुरुवार
सैपाकघराला आतून कडी. कडी खिळखिळी. काल तिन्हीसांजेपासून दाराबाहेर तिघं. आता ऊन डोक्यावर आलं. कोणी बसलं नाय. कोणी सावलीत गेलं नाय.

थोड्या थोड्या वेळाने विचारतात. राहीबाई, नको?

मी ओरडते, नको.

झोप लागू नये म्हणून डोळ्यांत मिरची घातली. थोडा वेळ —

मनात येतं हो म्हणावं. मुरारीची आठवण जाईल, कापड्याच्या घराची. नाय. दुखतं ते माझं हाय. तेवढंच हाय माझं.

विचारलं पुन्हा. नको.

मान पडली होती — भिंतीला डोकं आपटून उठले. ते थकत नायत. मी —

तुळजाबाईचा आवाज. राहीबाई, नको? गो म्हणाली नाय.

नको.

कडी हलली? विचारलं आत्ता — नको — मी बोलले का हे? का नुसतं लिहिलं — तोंडाने —