पाणपोईवरचा पहिला घोट

॥ श्री ॥
धार, सोमवार, दि. ६ जानेवारी २०२५

चि. देवश्री हीस दुर्गाआत्याचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. मराठी सुधारतंय, पण एका पानात 'लेकिन' तीनदा आलंय बरं का! तरी कौतुक आहे. फोन फक्त आजारपणाला, बाकी सगळं कागदावर आणि मराठीत, हा आपला करार तू अजून पाळतेस. हिंदी शाळेत शिकलेल्या मुलांत हे कोण करतं? आमचा विहंग तर मराठी बोट ठेवून वाचतो आणि दोन ओळींत दमतो.

आता मुख्य बातमी. काल विहंगची ती गोष्टीचा खेळ खेळणारी टोळी आमच्याच घरी जमली होती. एक जण गोष्ट चालवणार, बाकीचे एकेक पात्र होऊन तिच्यात शिरणार, आणि अडलं की फासे टाकायचे. मी पोहे द्यायला म्हणून गेले ती चार तास उठलेच नाही. तीस वर्षं गणित शिकवलं, पण मुलं एका जागी इतकी गप्प बसलेली कधी पाहिली नाहीत.

काय गोष्ट होती म्हणतेस! घाटातल्या वाटेवर वाटसरू नाहीसे होत असतात. सगळ्यांचा संशय जहागीरदारावर. आणि खरी चोर कोण, तर पाणपोई चालवणारी गोडबोली सगुणा! पाण्यात विष कालवते, माणूस आडवा झाला की दरोडेखोरांना शीळ घालते. विहंगचं पात्र म्हणजे भीमड्या पहिलवान, समोर येईल ते खाणारा-पिणारा, विचार मागाहून. पण काल पठ्ठ्यानं पाण्याला हातसुद्धा लावला नाही. सगळे थक्क! धारमधे सर्वांत जास्त गुण त्यालाच मिळाले आणि भोपाळच्या अंतिम फेरीत आता तोच जाणार. तुझे आतोबा डही गावाला गेले होते, त्यांची ही मजा हुकली. मी विहंगची दृष्ट काढली.

तूही देवासला हेच खेळतेस ना? तुझी खेळातली कस्तुरी काय म्हणते? तुझ्या बाबांना, म्हणजे नीलकंठला सांग, बहिणीला पत्र लिहिल्यानं हात झिजत नाहीत.

माया आहेच, पत्राला उशीर करून तिची परीक्षा पाहू नये.
तुझी,
दुर्गाआत्या

॥ श्री ॥
देवास, शनिवार, दि. ११ जानेवारी २०२५

ती. आत्यास देवश्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना आधी हसले आणि मग डोक्याला हात लावला. अगं आत्या, हे काय करून बसलीस! हीच गोष्ट मी १९ तारखेला खेळणार आहे. धार, देवास, उज्जैन, इंदूर, चारही ठिकाणी एकच गोष्ट खेळवतात, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. तारखा तेवढ्या वेगळ्या. म्हणून जो आधी खेळला त्यानं तोंड बंद ठेवायचं असतं. खेळणाऱ्या सगळ्यांना हे माहीत आहे. पण पोहे देणाऱ्या आईला कोण सांगणार?

याला मेटागेमिंग म्हणतात. मतलब, जे मला ठाऊक आहे पण माझ्या पात्राला ठाऊक नाही, ते वापरून खेळणं. सगुणा विष देते हे देवश्रीला कळलंय, पण कस्तुरी बिचारी अजून त्या घाटात पोचलीसुद्धा नाहीये. नियम असा आहे की असं काही कळलं तर खेळ चालवणाऱ्याला आधीच सांगायचं. आमच्याकडे स्वप्नालीताई चालवते. तिला सांगितलं तर ती मला बसूच देणार नाही अशी भीती वाटते.

आणि कस्तुरी तीन वर्षांची आहे गं माझी. वैद्याची मुलगी, हट्टी, भूत सोडून कशालाही न घाबरणारी. देवासमधे आज सर्वांत जास्त गुण तिचे आहेत. १९ ला ती नुसती जिवंत राहिली तरी भोपाळ पक्कं. पण पात्र मेलं तर तीन वर्षांचे गुणही त्याच्याबरोबर जातात.

खेळात माझ्याच टेबलावर बसणाऱ्या राजवर्धनला मी अडचण सांगितली, गोष्ट नाही सांगितली. तो म्हणाला की चिट्ठी मराठीत आहे, आपल्या टोळीत तुझ्याशिवाय ती वाचणार कोण, चुप बैठ. त्याचं स्वतःचं आडनाव मराठी, पण त्यालाही वाचता येत नाही. त्याचं म्हणणं खरंच आहे, कुणालाही कळणार नाही. पण काल बाबांसमोर जेवायला बसले आणि ताट अर्धं टाकून उठले. ताईला अजून काही बोलले नाहीये. काय करू? फोन उचलला होता, पण करार आठवला.

तुझा राग नाही आला, हे खरंखरं लिहिते. ती. आतोबांना नमस्कार, विहंगदादाला शाबासकी.
तुझ्या मायेची सवय लागलेली,
देवश्री

॥ श्री ॥
धार, बुधवार, दि. १५ जानेवारी २०२५

चि. देवश्रीस अ. आ. आणि संक्रांतीचा तिळगूळ.

तुझं पत्र वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराचं कौतुक करायच्या भरात मी तुझ्या वाटेत धोंडा टाकला. मास्तरीण होते ना मी? पेपर काढणारी बाई! विहंग आमच्याच शाळेत दहावीला होता, तेव्हा त्याच्या वर्गाचा पेपर मी काढायला नकार दिला होता, हेडसरांशी भांडून. आणि आता म्हातारपणी सगळा पेपर उत्तरांसकट टपालानं पाठवला. काय म्हणावं या जिभेला!

तुझ्यापासून लपवत नाही. काल तुला आधी एक पत्र लिहिलं होतं, त्यात म्हटलं होतं की पोरी, गप्प बस आणि खेळ, चूक आत्याची आहे, तिची शिक्षा तू का भोगायची. पाकिटावर पत्तासुद्धा घातला. मग ते फाडलं. वर्गातल्या पोरांना जे कधी सांगितलं नसतं, ते भाचीला सांगायला निघाले होते याची लाज वाटली.

सोबत स्वप्नालीच्या नावची चिठ्ठी आहे, हिंदीत. काय झालं, कुणी केलं आणि तुझा त्यात काडीचाही दोष नाही, एवढंच लिहिलं आहे. ती द्यायची की नाही ते तू ठरव. दिलीस तर भोपाळ जाईल कदाचित. नाही दिलीस तरी तू माझी देवश्रीच राहशील, मी एका शब्दानं विचारणार नाही.

इकडे गुळाच्या पोळ्या जरा कडक झाल्या. तुझ्या आतोबांनी मुकाट्यानं खाल्ल्या, यावरून काय ते समज.

या वेड्या म्हातारीवरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
आत्या

॥ श्री ॥
देवास, सोमवार, दि. २० जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी दिली. शनिवारी सकाळी टपाल आलं आणि अकरा वाजता मी स्वप्नालीताईच्या घरी होते. तिनं वाचली, आधी खूप हसली, म्हणाली की तुझ्या आत्याला आमच्याकडे गोष्टी चालवायला बोलवायला हवं. मग गंभीर झाली. दुसरी गोष्ट देता येत नाही, कारण या फेरीचे गुण या गोष्टीवरच धरतात. म्हणाली, बस तू, पण कस्तुरीला जे ठाऊक नाही त्याच्यावर एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही.

मी म्हटलं, सोपं आहे, मी सरळ विष पिऊन टाकते. तर ताई म्हणाली की तीही लबाडीच! पाण्यात विष आहे हे माहीत आहे म्हणून मुद्दाम प्यायचं, आणि माहीत आहे म्हणून मुद्दाम टाळायचं, दोन्ही एकच. कस्तुरी एरवी काय करते ते सांग, असं म्हणाली. मी गडबडले. खरंच काय करते ती?

मग शनिवारचा उरलेला दिवस मी तीन वर्षांची वही उघडून बसले. प्रत्येक खेळात काय झालं ते मी लिहून ठेवते ना, त्यात परकं पाणी अकरा वेळा आलं होतं. विहीर, ओढा, एकदा तर राक्षसाचा रांजण. अकराही वेळा पहिला घोट कस्तुरीचा. आधी स्वतः चाखते, मग सोबत्यांना देते, कारण तिच्या वैद्य बापानं तसं शिकवलंय. ते मीच पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. वाचलं आणि वही मिटून ठेवली.

रविवारी टेकडीखालच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत खेळ झाला. पाणपोई आली. सगुणानं तांब्या पुढे केला. आत्या, तेव्हा एक वाक्य बोलून सुटता आलं असतं. आज तहान नाही, एवढंच! कुणी काही म्हटलं नसतं. ताईनं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, वहीत डोकं घालून बसली होती. मी म्हणाले की कस्तुरी तांब्या घेते आणि नेहमीसारखा पहिला घोट स्वतः घेते.

विषातून वाचायला वीस बाजूंचे तीन फासे मिळतात, त्यातला एक तरी बाराच्या वर जायला हवा. पाच पडला. मग अकरा. मग तीन. कस्तुरी गेली. ती पडताना बघून बाकीच्यांना पाण्याचं कळलं, त्यांनी तांबे फेकले, सगुणाला पकडलं, आणि सगळे वाचले. भोपाळला राजवर्धन जाणार. तो मान खाली घालून बसला होता. निघताना त्यानं विचारलं की तुला हेच माहीत होतं का. मी हो म्हटलं. तो माझी बॅग उचलून खाली रस्त्यापर्यंत आला.

ऑटोत मी खूप रडले. ऑटोवाल्या भियानं विचारलं की बहनजी, घरातलं कुणी गेलं का. मी हो म्हटलं. त्यानं गाणी बंद केली. मला वाईट फार वाटतंय आत्या, लेकिन पस्तावा नाही वाटत. बाबांना सगळं सांगितलं, ते पाठीवर हात ठेवून बसले. आज जेवण नीट गेलं.

विहंगदादानं भोपाळला जिंकायलाच पाहिजे आता, आपल्या दोघांच्या वतीनं.
आशीर्वाद राहू दे, या वेळी जरा जास्तच लागतील.
देवश्री

॥ श्री ॥
धार, सोमवार, दि. २७ जानेवारी २०२५

चि. देवश्री हीस आत्याचे अ. आ., अगदी पोटभर.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. मग हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाचून दाखवलं. निम्म्यांना कस्तुरी म्हणजे खरीच कुणी मुलगी वाटली आणि त्या हळहळायला लागल्या. मी म्हटलं, रडू नका, अभिमान वाटू द्या, ती माझ्या भावाची लेक आहे. आणखी काय लिहू बाळा? ऊर भरून आलाय. मी ते पहिलं पत्र फाडलं नसतं तर आज तुझ्यासमोर मला तोंड दाखवता आलं नसतं.

पण अजून लिहायचं आहे. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी विहंग घरी आला तेव्हा त्यालाही तुझं पत्र वाचून दाखवलं. पाण्याचा घोट आला तसा तो उठला आणि गच्चीवर गेला. जेवला नाही. शनिवारी सकाळी माझ्यासमोर बसून त्यानं सांगितलं की ही गोष्ट त्याला इंदूरच्या एका मित्रानं खेळाच्या आठवडाभर आधीच सांगितली होती. भीमड्यानं पाण्याला हात लावला नाही तो हुशारीनं नाही. मी जिची दृष्ट काढली ती लबाडी होती.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण ओरडायला तोंड उघडणार, तोच त्यानं फोन लावला. खेळ भरवणाऱ्यांना माझ्यासमोर सगळं सांगितलं, मित्राचं नाव घेतलं नाही, स्वतःचं मात्र तीनदा घेतलं. गुण रद्द झाले. भोपाळची जागा त्याच्या टोळीतल्या यशराजला गेली. फोन ठेवला. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि उभ्यानंच कालची भाकरी खाल्ली. माझ्या पहिल्या पत्रातलं त्याचं कौतुक मी परत घेते आणि त्याच्या दुप्पट आज करते. त्याला हे जमलं ते तुझ्यामुळे जमलं, हे त्यानंच तुला कळवायला सांगितलं आहे. स्वतः मराठीत लिहायला बसला होता, दोन तासांत 'प्रिय देवश्री' एवढं झालं आहे.

भोपाळला जाणाऱ्यांची यादी आज आली. चारही शहरांची नावं आहेत. मी ती छापून आणली आणि दिवाणखान्यात सगळ्यांना दिसेल अशी लावली आहे. येणारा-जाणारा विचारतो की यात तुमच्या घरचं कोण. मी मान ताठ करून सांगते, नीट बघा, आमच्या घरची दोन नावं यात नाहीत.

तुला मिळणारं प्रेम आता विहंगशी वाटून घ्यावं लागेल, त्याला फार गरज आहे.
तुझी,
दुर्गाआत्या