मळी तळ्यात उतरली

ता. २ मार्च १९३६, सोमवार
तळ्याला वास मारतोय. साखर कारखान्याच्या चरातनं मळीचं काळं पाणी थेट आत. आईनं घागर भरली, हुंगली, तितंच वतून दिली.

ता. ४
सकाळी तळं पांढरं. जिकडं बघावं तिकडं मासं, पोटं वर. जित्तं हुतं ते काठाला येऊन तोंडं उघडत हुतं, चिखलात उड्या मारून मेलं. मरळ कापली तरी तडफडत ऱ्हाती. तीबी गेली. आमा भोयांचं पोट ह्या तळ्यावर. सोपान, माझा धाकटा भाऊ, कंबरभर पाण्यात उभा राहून नुसता वरडत हुता. कुत्री मासं खाऊन वकली.

ता. ५
सोपान नि मी कारखान्यावर. सायेब फाटकापाशी आला, नाकाला रुमाल. "तळं सरकारचं, मासं देवाचं. तुमचं काय मेलं?" सोपान त्याच्या अंगावर गेला. मी मागनं कवळा घालून धरला. माझ्या मनगटाला चावला.

ता. ७
आळीनं मिळून चर बुजवला. दगड, माती, मेलेलं मासं, सगळं आत टाकलं. मीबी टाकलं. पाणी तटलं आणि तात्याच्या उसात शिरलं. तात्या म्हंजे गावातला मोठा ऊसवाला. आता ऊस जळणार त्याचा. बरं झालं, असं मनात आलं खरं.

ता. ८, रविवार
शिमग्याचा सण. तात्याची माणसं काठ्या घेऊन चर उकरायला आली. म्होरं जावई, विठोबा. सोपानची बायको चंद्री चरात आडवी पडली. "माझ्यावरनं न्या पाणी!" विठोबानं तिच्या पाठीत काठी घातली. दुसरी घातली. मग सोपानची कुदळ. आवाज अजून कानात हाय, वाळला भोपळा फुटावा तसा. विठोबा काळ्या पाण्यात तोंडावर पडला. मीच वर वढला त्याला. तोंडात मळी, डोस्क्यातनं रगत.
सोपान पळाला न्हाय. कुदळ हातात धरून बसून ऱ्हायला. सांजच्याला शिपाई बांधून घेऊन गेलं.

ता. १०
विठोबा बारामतीच्या दवाखान्यात. सूद न्हाय.
तात्या आज माझ्या घरी आला. डोळं सुजलेलं. म्हनला, "धोंडू, फौजदार तुझा जबाब घेनार. सांग, सोपाननं आधी मारलं. चर वड्याकडं वळवतो, कारखानावाल्यांशी बोलून आलोय. पावसाळ्यात नवं पानी, नवं मासं. आळी जगंल."
"आन् सोपान?"
"माझी लेक कुंकवाकडं बघत बसलीया, धोंडू."


ता. ११
आळीत कळलं. म्हाताऱ्या आबानं एवढंच इचारलं, "वडा किती लांब पडतू रं?" कुनी सोपानचं नाव काढलं न्हाय.
चंद्री पालथी पडूनच. पाठ काळीनिळी. म्हनली, "भावजी, तुमी बघितलंय नव्हं?"
व्हय म्हनलो.

ता. १२
आज इंदापूरला फौजदाराम्होरं जबाब. आईला इचारलं, काय सांगू? "दोन्ही माजीच," म्हनली. दोन्ही म्हंजे मी नि सोपान, का सोपान नि तळं, कळलं न्हाय. परत इचारवलं न्हाय.
तात्यानं गाडी धाडलीय. बैल जुंपलेलंच. एवढं लिवतोय तवर गाडीवान दोनदा हाक मारून गेला.