शिमोन मामाच्या गावाला गेला नव्हता

नंदुरबार, दवाखाना

सूनबाई एस्तेर, सासूचा आशीर्वाद. प्रभू तुम्हाला सांभाळो. फोनवर तू नुसती रडतेस, म्हणून चिठ्ठी लिहून गावी परतणाऱ्या दानियलच्या हाती देते. चौथीपर्यंतच शिकले, चुका काढत बसू नकोस.

तुझ्या शिमोनला बरं आहे. गोवराचा ताप उतरला, पुरळ काळं पडलं. छातीत घरघर आहे, म्हणून नाकाला ऑक्सिजनची नळी अजून आहे. पण काल पेज प्याला आणि मला चावला. त्याला जोर आलाय.

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, गोवर खोकल्यातून पसरतो. सुई घेतली असती तर बहुतेक झालाच नसता. का नाही दिली?"

मी म्हटलं, "सून अडाणी आहे."

खोटं बोलले. तू तर लसीचं कार्ड घेऊन दारात उभी होतीस. सुईने ताप येतो म्हणून मीच पोराला कणगीमागे लपवलं आणि सुई द्यायला आलेल्या सिस्टरला सांगितलं, मामाच्या गावाला गेलाय. संध्याकाळी डॉक्टरणीला हे खरं सांगून आले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

काळी कोंबडी अंड्यांवर बसली का? तान्ह्या आशाला ताप-खोकला नाही ना? असला तर लगेच दवाखान्यात ने. नसला तर तिला नऊ महिने भरलेत, बुधवारी सुई द्यायचीच. ताप आला तर एक-दोन दिवसांत उतरेल.

सिस्टरने विचारलं तर सांग, या खेपेला आजी गावाला गेलीय, पोर घरीच आहे.

तुझी सासू
रूपीबाई