आता पाव गोळी

अहो,

उद्या सकाळपासून शेरूला अर्धी नाही, पाव गोळी द्यायची. एवढं सांगायलाच लिहितेय. दुसरं कोण कळवणार तुम्हाला? नाहीतर सवयीनं तुम्ही अर्धीच कातराल!

काल त्याला तासगावहून सांगलीला नेलं. रक्ताचा रिपोर्ट बघून जनावरांच्या डॉक्टरीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "रक्त वाढलंय. आता डोस हळूहळू उतरवू. एकदम तोडायचा मात्र नाही, जिवावर बेतेल." त्यांनी पहिल्यांदा आजार सांगितला ते आठवतं? शेरूचं अंगच त्याच्या रक्ताला शत्रू समजून मारतंय, म्हणून अंगाची ती ताकद औषधानं दाबून ठेवायची. पलटणीत आयुष्य काढलेले तुम्ही, त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणालात, "आपल्याच मानसांस्नी मारतोस व्हय रं गड्या?"

मग रोज सकाळचा तो सोहळा! व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचं, अंगठ्यानं त्याचा ओठ वर करायचा, हिरडी गुलाबी आहे ना बघायचं, "लय झ्याक!" म्हणायचं आणि अडकित्त्यानं गोळी कातरायची. त्याच अडकित्त्यानं सुपारीसुद्धा! किती ओरडले मी, कधी ऐकलंत?

तुम्ही गेलात आणि घर पाहुण्यांनी भरलं. शेरूच्या गोळीची आठवण मला थेट तेराव्यानंतर झाली. धावत जाऊन त्याचा ओठ वर केला. पण त्याच्या हिरड्या गुलाबीच होत्या आणि पाकिटातल्या गोळ्याही कमी झाल्या होत्या. वाटलं, आपल्या संजयनं दिल्या असतील. तो ड्युटीवर परतला होता, म्हणून फोन केला.

"म्या न्हाई दिल्या, आई," तो म्हणाला. "तूच देत हुतीस नव्हं?"

फोन ठेवून व्हरांड्यात आले. अडकित्त्याच्या पात्याला पांढरी भुकटी लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात असताना ऐकलं. खट्! दारातून डोकावले. शेरू रिकाम्या खुर्चीपुढं मान वर करून बसला होता. आणि त्याचा ओठ एका बाजूनं हळूच वर गेला, कुणीतरी अंगठ्यानं उचलावा तसा. तुम्हाला हाक मारायची सोडून मी मागच्या मागे स्वयंपाकघरात पळाले. घाबरले हो मी. तुम्हालाच घाबरले, याचं किती वाईट वाटलं!

आता सवय झालीय. पाकीट खुर्चीच्या हातावर ठेवते आणि आत चहा टाकते. दोन कप. तुमचा तसाच गार होतो. तो का नाही पीत? कुत्र्यासाठी येता, माझ्यासाठी नाही!

काल सांगलीहून परतताना मनात भलतंच आलं. पाव गोळी, मग एक दिवसाआड, मग बंद. म्हणजे तुमचं येणंही बंद? डोस कमी केलाच नाही तर कुणाला कळणार आहे? तेवढ्यात शेरूनं माझ्या पायावर डोकं टेकलं. औषधानं त्याचं पोट सुटलंय, केस विरळ झालेत, सारखं पाणी पितो, धापा टाकतो बिचारा. मला सोबत हवी म्हणून त्याला का त्रास द्यायचा?

म्हणून ही चिठ्ठी अडकित्त्याखाली ठेवतेय. पावच कातरा हं! माझा शब्द आहे, त्याची एकही तपासणी चुकवणार नाही आणि गोळ्या लांबवणार नाही. ज्या सकाळी गोळी बंद होईल, त्या सकाळी खुर्चीच्या हातावर सुपारी ठेवीन. आत चहा टाकून कान देऊन उभी राहीन.

अजिबात ओरडणार नाही.

तुमचीच,
मंदा